काँक्रीटच्या स्लॅबवर ओल न धरणारा सबफ्लोअर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

खोलीच्या कोपऱ्यातली लॅमिनेटची पट्टी उचलली, तर तिची खालची बाजू काळी पडलेली. वरून पाहताना सांधे किंचित फुगलेले दिसायचे आणि एका जागी पाय ठेवला की जमीन दबल्यासारखी वाटायची, एवढंच. पट्टीखालच्या पातळ फोमला हात लावला तर गार, चिकट ओल लागली आणि बरेच महिने बंद असलेल्या कपाटासारखा वास आला. फ्लोअरिंग घालून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. घालण्याआधी मी स्लॅबवरून हात फिरवून पाहिला होता. कोरडा लागला, म्हणून पुढे गेलो होतो.

हात फिरवून ओल कळत नाही, हे मला सगळं उचकटल्यावर समजलं. दुसऱ्यांदा खाली नीट सबफ्लोअर बांधला आणि त्या वेळी जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. सबफ्लोअर म्हणजे स्लॅब आणि वरचं फ्लोअरिंग यांच्यामधला भक्कम थर. हा लेख थेट मातीवर टेकलेल्या स्लॅबबद्दल आहे: तळमजला, तळघर, खोली म्हणून वापरायचं गॅरेज. वर लाकूड, लॅमिनेट किंवा कार्पेट घालायचं असेल तर तो तुमच्या कामाचा आहे. सिरॅमिक टाइल किंवा दगडी फरशी बसवायची असेल, तर प्लायच्या भानगडीत पडू नका. टाइलला स्लॅबच चांगला.

१. ओल कुठून येते ते आधी शोधा

काँक्रीट दिसायला दगडासारखं असलं तरी आतून स्पंजासारखं असतं. त्यातल्या केसाएवढ्या बारीक नळ्यांतून मातीतलं पाणी वर चढतं. पाणी चढलं नाही तरी वाफ चढतेच. उघड्या स्लॅबवर ही वाफ हवेत निघून जाते, म्हणून तो कोरडा लागतो. वर फ्लोअरिंग घातलं की तिची वाट बंद होते आणि ती तिथेच साठायला लागते.

स्लॅब नवा असेल तर ओतताना घातलेलं जास्तीचं पाणी त्यात असतंच. ढोबळ हिशेब असा, की हवामान अनुकूल असेल तर दर इंच जाडीला एक महिना. म्हणजे ४ इंची स्लॅबला किमान ४ महिने. दमट दिवसांत याहून जास्त.

तिसरं कारण हवेतलं बाष्प, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खोलीतली हवा ३०° सेल्सिअस आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर २४° च्या आसपासच्या किंवा त्याहून गार पृष्ठभागावर त्या हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं. मातीवर टेकलेला स्लॅब अनेकदा एवढा गार असतो. मग खालून थेंबही न येता तो ओला होतो. वारा यावा म्हणून खिडक्या उघडाव्यात तर आणखी दमट हवा आत येते.

चौथं कारण म्हणजे सरळ गळती: स्लॅबखालची पाण्याची लाइन, बाहेरच्या भिंतीलगत साचणारं पाणी, घराच्या दिशेने उतार असलेलं अंगण. गळतीवर सबफ्लोअर हा उपाय होऊच शकत नाही. पाऊस पडल्यावर स्लॅबवर पाणी दिसत असेल, तर आधी बाहेरचा उतार, पन्हाळी आणि निचरा दुरुस्त करा. एक पूर्ण पावसाळा पाहा आणि मगच या लेखाकडे परत या.

स्लॅब स्वतःही खुणा देतो. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी, खारट पूड दिसली तर तिथून पाणी वर येऊन सुकतं आहे आणि क्षार मागे ठेवतं आहे असं समजा. जुन्या रंगाचे पोपडे, गंजलेले खिळे, काळपट डाग आणि एकाच कोपऱ्यात येणारा कुबट वास, हे सगळं वहीत नोंदवा. खोलीचा साधा नकाशा काढून त्यावर या जागा मांडल्या तर पुढे फार उपयोग होतो.

२. ओल मोजा

ही पायरी गाळू नका. पुढचं सगळं सामान किती आणि कोणतं आणायचं, हे इथेच ठरतं.

सगळ्यात सोपी चाचणी प्लास्टिकची. साधारण १८ इंच लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या आणि चारही कडा टेपने हवाबंद चिकटवा. किमान १६ तास तसंच ठेवा, मी दोन दिवस ठेवतो. उचलल्यावर प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा गडद दिसलं, तर ओल आहे. खोलीच्या मध्यभागी, बाहेरच्या भिंतीजवळ आणि नकाशावर खूण केलेल्या प्रत्येक जागी वेगळा तुकडा लावा.

थेंब दिसले तर ओल नक्की. दिसले नाहीत म्हणून मात्र स्लॅब कोरडा ठरत नाही, कारण स्लॅब आणि हवा यांच्या तापमानात फरक नसेल तर आत ओल असूनही प्लास्टिक कोरडंच राहतं. मी पहिल्यांदा हात फिरवण्याऐवजी ही चाचणी केली असती, तरी त्या मोसमात कदाचित फसलोच असतो.

म्हणून आकडा देणारी चाचणी करा. स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडतात, त्यात आर्द्रता मोजणारा प्रोब बसवून तोंड बंद करतात आणि २४ तासांनी वाचन घेतात. १०० मिलिमीटरच्या स्लॅबला हे भोक ४० मिलिमीटर खोल. वाचन ७५ टक्क्यांपर्यंत असेल तर बरीच फ्लोअरिंगं चालतात, पण ज्याचं फ्लोअरिंग घेणार त्याच्या कागदावरची मर्यादा अंतिम धरा. कॅल्शियम क्लोराइडची चाचणीही मिळते. तिच्यात १,००० चौरस फुटांतून २४ तासांत किती पौंड वाफ निघते ते मोजतात आणि ३ पौंड ही नेहमीची मर्यादा. ती फक्त वरच्या थराबद्दल सांगते, म्हणून मला प्रोब जास्त भरवशाचा वाटतो. प्रोब विकत घेण्याची गरज नाही, फ्लोअरिंगची कामं करणारे ही चाचणी करून देतात.

खोलीत आर्द्रता आणि तापमान दाखवणारं छोटं यंत्रही आठवडाभर ठेवा. तिसरं कारण, म्हणजे हवेतलं बाष्प, ओळखायला तेच कामाला येतं.

३. उंचीचा हिशेब करा

सामान आणण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडा. २५ मिलिमीटर फोम बोर्ड, १२ मिलिमीटर प्लायचे दोन थर आणि वर १० मिलिमीटरचं फ्लोअरिंग धरलं तर जमीन ५९ मिलिमीटर वर येते. म्हणजे सव्वादोन इंचांहून जास्त.

यामुळे दारं खालून कापावी लागतात. दार पोकळ बांधणीचं असेल तर खालची लाकडी पट्टीच कापली जाते, म्हणून ती किती उंचीची आहे ते आधी ठोकून पाहा. शेजारच्या खोलीशी पायरी तयार होते. खोलीतून जिना वर जात असेल तर पहिली पायरी इतर पायऱ्यांपेक्षा बुटकी होते, आणि पाय सवयीने उचलला जातो, त्यामुळे माणूस तिथेच अडखळतो. घरात वयस्कर माणसं असतील तर फक्त याच कारणासाठी पातळ पद्धत निवडलेली चांगली. छताची उंची, खालचे प्लग पॉइंट, कपाटांची दारं हेही तपासा.

४. पद्धत निवडा

तीन पद्धती नेहमी वापरल्या जातात.

*जाड प्लास्टिक आणि वर प्लाय.* उंची सगळ्यात कमी जाते. चाचणीत स्लॅब बऱ्यापैकी कोरडा निघाला आणि फार गार नसेल तरच.

*खळगेदार शीट आणि वर प्लाय.* ही कडक प्लास्टिकची शीट असते, तिला सगळीकडे बटणांसारखे उंचवटे असतात. उंचवटे खाली, स्लॅबवर टेकतील असे घालतात. त्यामुळे प्लायखाली साधारण ८ मिलिमीटर पोकळी राहते आणि स्लॅबमधून निघालेली वाफ लाकडापर्यंत पोचत नाही. स्लॅब खालून ओलसर असेल तर ही पद्धत छान.

*प्लास्टिक, फोम बोर्ड आणि वर प्लाय.* इथे एक्सपीएस नावाचा कडक फोम वापरतात, साध्या पांढऱ्या थर्मोकोलपेक्षा दाट. फोम स्लॅबचा गारवा अडवतो, म्हणून प्लाय खोलीच्या तापमानाला राहतो आणि त्यावर हवेतलं पाणी जमत नाही. माझ्या खोलीत हेच कारण मोठं निघालं, म्हणून मी ही पद्धत घेतली. दमट प्रदेशात मी दुसऱ्या कोणालाही हीच सुचवेन.

फोमवर वजन पेलेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. २५ पीएसआय (चौरस इंचाला २५ पौंड) ताकदीचा बोर्ड घेतला तर चौरस मीटरला साधारण १७ टन होतात. कायमच्या भारासाठी त्याचा तिसरा हिस्सा धरला तरी घरातल्या सामानाला भरपूर. अरुंद पायांच्या जड कपाटाखाली मात्र रुंद फळी द्या.

चौथीही एक पद्धत सर्रास दिसते: स्लॅबवर लाकडी रिपा ठोकून मध्ये कापूस किंवा फोम भरायचा आणि वर फळ्या. मातीवरच्या स्लॅबवर ही करू नका. रिपा थेट काँक्रीटला टेकतात, खालून ओल पितात, मधल्या पोकळीत वारा नसतो, आणि वाळवीला तर ते आमंत्रणच. काँक्रीट आणि लाकूड यांच्यामध्ये पाणी न शोषणारा थर हवाच.

५. सामान आणि हत्यारं

हाताशी ठेवायचे कागद: खोलीचा नकाशा आणि चाचणीची वाचनं, फ्लोअरिंगच्या कंपनीचं बसवण्याचं पत्रक (यात ओलीची मर्यादा आणि हमीच्या अटी असतात), आणि स्लॅबमधून गेलेल्या पाइप-वायरींचा आराखडा मिळाला तर तो.

सामान:
- किमान ०.१५ मिलिमीटर जाड पॉलिथिन. ०.२५ मिळालं तर तेच, पाय पडून कमी फाटतं
- निवडलेल्या पद्धतीप्रमाणे खळगेदार शीट किंवा २५ मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड
- पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाचा प्लाय, म्हणजे बीडब्ल्यूपी किंवा मरीन
- सांध्यांची टेप, कॅनमधला फोम, सीलंट, पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद
- भेगा भरायचा सिमेंटचा मसाला, गरजेप्रमाणे सेल्फ लेव्हलिंगचा (आपोआप सपाट पसरणारा) मसाला आणि त्याचा प्रायमर

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, स्वस्त मिळाले तरी, आणू नका. एकदा भिजून फुगले की सुकल्यावरही मूळ जाडीला येत नाहीत.

हत्यारं: दोन-तीन मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी, पाणसळ, गुण्या, कटर, गोल करवत, स्क्रू मारायचं ड्रिल, काँक्रीटसाठी हॅमर ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर, गुडघ्यांना गाद्या, आणि धुळीचा चांगला मास्क.

६. स्लॅब तयार करा

जुनं फ्लोअरिंग आणि गोंद काढा, पण एक गंभीर धोका लक्षात ठेवा. १९८० च्या दशकापूर्वीच्या व्हिनाइल टाइल्स आणि त्याखालचा काळा गोंद यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. तसं काही दिसलं तर खरवडू किंवा घासू नका, नमुना तपासून घ्या. नुसतं काँक्रीट घासतानाही जी सिलिकाची धूळ उडते ती फुप्फुसाला कायमची इजा करते. व्हॅक्यूम जोडलेलं यंत्र आणि मास्क, दोन्ही वापरा.

पांढरी पूड तारेच्या ब्रशने काढा. भेगा भरा. एखादी भेग रुंद होत असेल किंवा तिची एक कड दुसरीपेक्षा वर आली असेल, तर आधी जाणकाराला दाखवा.

आता सपाटी. सरळ पट्टी उभी-आडवी-तिरकी फिरवा आणि खालून टॉर्चचा उजेड टाका. उजेड जिथून निसटतो तो खड्डा. खडूने गोल करा. ३ मीटरमध्ये ५ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. उंचवटे घासा, खड्डे मसाल्याने भरा. स्लॅबला थोडा उतार असेल तर हरकत नाही, पण खड्डा असला तर त्यावरचा प्लाय प्रत्येक पावलाला वर-खाली होतो आणि करकरतो. हा आवाज नंतर घालवता येत नाही. आमच्या दाराजवळ ७ मिलिमीटरचा खड्डा होता. संध्याकाळ झाली म्हणून "फोम दबून घेईल" असं वाटत होतं. शेवटी दुसऱ्या दिवशी भरला, आणि आज तिथून रात्री चालताना आवाज येत नाही याचं मला समाधान आहे.

नहाणीची जाळी किंवा पाण्याचा ट्रॅप स्लॅबमध्ये असेल तर झाकू नका. वर उघडता येईल असं झाकण ठेवा. नव्या पार्टिशनच्या भिंती घालायच्या असतील तर त्या आत्ताच, थेट स्लॅबवर.

७. वाफ अडवणारा थर घाला

प्लास्टिक पसरताना दोन पट्ट्या एकमेकींवर किमान १५० मिलिमीटर चढवा आणि सांधा टेपने पूर्ण बंद करा. भिंतीलगत १०० मिलिमीटर वर दुमडून ठेवा, जास्तीचं शेवटी स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या) आत कापता येतं. घालण्याआधी स्लॅब पुन्हा एकदा व्हॅक्यूम करा. खडीचा एक दाणा पुरतो भोक पाडायला. या थरावर चपला घालून चालू नका.

खळगेदार शीट असेल तर भिंतीपासून ६ मिलिमीटर लांब ठेवा आणि शीटचे सांधे टेपने बंद करा.

फोम बोर्ड विटांसारखे, सांधे चुकवून घाला. बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये सुमारे १० मिलिमीटर फट सोडा आणि ती कॅनमधल्या फोमने भरा. सांध्यांवर टेप. इथे घाई करू नका: एका उघड्या सांध्यातून खोलीची दमट हवा खाली गारव्यापर्यंत पोचते आणि नेमक्या त्या रेषेत पाणी जमतं. पाइप जिथून वर येतात तिथेही सीलंट लावा.

८. प्लाय बसवा

प्लाय आणल्या आणल्या बसवू नका. खोलीत दोन-तीन दिवस, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा लागेल असा रचून ठेवा. लाकडातला ओलावा खोलीशी जुळला नाही तर बसवल्यावर तो फुगतो किंवा आकसतो. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर १२ टक्क्यांच्या वर बसवू नका. २० टक्क्यांच्या पुढे लाकूड कुजण्याच्या वाटेला लागतं.

यानंतर दोन मार्ग आहेत.

पहिल्यात १८ मिलिमीटरचा प्लाय फोममधून थेट काँक्रीटमध्ये स्क्रूने आवळतात. २५ चा फोम, १८ चा प्लाय आणि काँक्रीटमध्ये किमान ३० मिलिमीटर, म्हणजे ७५ मिलिमीटरचा स्क्रू. भोक स्क्रूपेक्षा १० ते १२ मिलिमीटर खोल पाडा, नाहीतर धूळ तळाशी साठते आणि स्क्रू अर्ध्यात मोडतो. जमीन भक्कम होते, पण प्रत्येक स्क्रू प्लास्टिकला भोक पाडतो. आणि स्लॅबमध्ये पाण्याच्या नळ्या, वायरी किंवा ताणलेल्या तारा (मजबुतीसाठी काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारा) असतील तर भोक पाडणं धोक्याचं. ताणलेली तार तुटली तर काँक्रीट फोडून उसळू शकते. आराखडा नसेल तर स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावू नका.

दुसरा मार्ग तरंगता. १२ मिलिमीटर प्लायचे दोन थर एकमेकांना गोंद आणि स्क्रूने बांधतात, स्लॅबला काहीच ठोकत नाहीत. मी हा केला. खालचा थर एका दिशेने, वरचा त्याला काटकोनात. वरचा कुठलाही सांधा खालच्या सांध्यापासून ३०० मिलिमीटरच्या आत येऊ देऊ नका. दोन्ही थर मिळून २४ मिलिमीटर, म्हणून स्क्रू २० मिलिमीटरचे. २५ चे घेतले तर टोकं खाली निघून फोममध्ये घुसतात. दर २०० मिलिमीटरवर एक स्क्रू, आणि मारताना त्या जागी उभे राहा, म्हणजे दोन थरांत फट राहत नाही.

दोन्ही मार्गांत शीट-शीटमध्ये ३ मिलिमीटर आणि भिंतीलगत १० ते १२ मिलिमीटर जागा सोडा. भिंतीलगत पाचरी लावून काम करा आणि शेवटी सगळ्या काढा. मी एक विसरलो होतो. दोन महिन्यांनी बरोबर त्याच जागी जमीन उचलल्यासारखी झाली, स्कर्टिंग काढून पाचर ओढल्यावर खाली बसली. कापलेल्या कडांना सीलर लावा, प्लाय पाणी कडेनेच पितो.

तरंगत्या सबफ्लोअरवर स्वयंपाकघराची कपाटं किंवा मधोमध असणारा सुटा ओटा पक्का बसवू नका. त्या भाराने जमीन एका जागी अडकते आणि बाकीची ताणली जाते.

९. वरचं फ्लोअरिंग घालण्याआधी

प्लाय पूर्ण झाल्यावर मी दहा दिवस काही घातलं नाही. रोज त्यावरून चाललो, करकर आली तिथे एक जादा स्क्रू. भिंतीलगतच्या फटीतून ओलाव्याच्या यंत्राच्या पिना खाली नेऊन वाचन घेतलं आणि भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलं, जिथे नंतर स्कर्टिंग येणार होतं. आकडे वाढत गेले तर थांबा. एखादा सांधा उघडा आहे किंवा पहिल्या पायरीतलं काही राहून गेलं आहे.

व्हिनाइलची अखंड शीट घालणार असाल तर जास्त काळजी घ्या. ती वरून पाणी-वाफ काहीच सोडत नाही, म्हणून प्लाय दोन बंद थरांमध्ये सापडतो. आत ओलावा राहिला असेल तर तो कुठेच जात नाही. आकडा खाली आल्याशिवाय व्हिनाइल घालू नका.

स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला नाही, आणि तिच्याखाली कागदाच्या जाडीएवढी फट राहू द्या. एका कोपऱ्यातली स्कर्टिंगची पट्टी मी खिळ्यांऐवजी दोन स्क्रूंनी लावली आहे. दर पावसाळ्यानंतर ती काढतो, फटीत पिना घालतो आणि पेन्सिलच्या जुन्या आकड्यांखाली नवा आकडा लिहितो.